वस्तीवरच्या राखणीला कुत्रा कोणता? अल्सेशियन आणि कारवान : खर्चाचा व आजारपणाचा हिशेब

(शेतकी खाते, ऊस विकास विभागाकडून)



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांविषयी लिहितो. या खेपेचा विषय जरा निराळा आहे, पण तोही आपल्या वस्तीवरचाच आहे. लागणीच्या नोंदी घेत आम्ही गटागटांतून फिरतो, तेव्हा चहाच्या कपाबरोबर उसाशिवायचे प्रश्नही निघतात. अलीकडे एक प्रश्न वारंवार येतो : "साहेब, वस्तीवर राखणीला चांगलं कुत्रं आणायचंय. अल्सेशियन आणू का कारवान?"

आम्ही शेतकी पदविकेची माणसे, जनावरांचे डॉक्टर नव्हे. म्हणून कार्यक्षेत्रातील पशुवैद्यांशी बोललो, कुत्री पाळणाऱ्या सभासदांच्या वस्त्यांवर जाऊन पाहिले आणि मग हा हिशेब मांडला.

लिहायला कारण घडले ते आधी सांगतो. आमच्या एका सभासदाने ऊसबिलाचा हप्ता हाती आल्यावर अल्सेशियनचे पिल्लू आणले. हौसेने आणले आणि हौसेने वाढवले. रोज दूध, अंडी, वर कॅल्शियमची बाटली. सात महिन्यांत ते वासराएवढे दिसू लागले. दीड वर्षाचे झाले तेव्हा उठताना कण्हायला लागले आणि चालताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम टाकू लागले. एक्स-रे काढला तर खुब्याचे दोन्ही सांधे सैल निघाले. सभासद आम्हाला म्हणाले, "पैसे गेले त्याचं काही नाही हो. पण नातू रोज विचारतो, आपला शेरू कधी पळणार?" या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. पण पिल्लू आणण्यापूर्वी कोणी दोन गोष्टी सांगितल्या असत्या तर ही वेळ कदाचित टळली असती. त्या दोन गोष्टी सांगण्यासाठीच हा लेख आहे.

दोघांची ओळख

ज्याला आपण अल्सेशियन म्हणतो तो मूळचा जर्मनीतला मेंढपाळाचा कुत्रा. फॉन स्टेफानिट्स नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १८९९ साली निवड करून ही जात बांधायला घेतली. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांना जर्मन नाव नकोसे झाले, म्हणून त्यांनी तिला 'अल्सेशियन' म्हटले. पुढे १९७७ साली तिथल्या केनेल क्लबने 'जर्मन शेफर्ड' हे मूळ नाव परत दिले. आपल्याकडे मात्र जुनेच नाव तोंडात बसले आहे. नर खांद्याशी ६० ते ६५ सेंटिमीटर उंच आणि वजनाने ३० ते ४० किलो भरतो. अंगावर केसांचे दोन थर असतात, वरचा राठ आणि आतला लोकरीसारखा. ही थंड मुलखाची ठेवण आहे हे लक्षात ठेवावे.

कारवान हा आपल्या दख्खनचा. कर्नाटकात घटप्रभेकाठी, म्हणजे आपल्यासारख्याच ऊसपट्ट्यात, मुधोळ आहे. तिथल्या घोरपडे संस्थानिकांनी ही जात जपली आणि मालोजीराव घोरपड्यांनी तिची जोडी इंग्लंडच्या पंचम जॉर्ज राजाला भेट दिली. म्हणून तिला 'मुधोळ हाउंड' असेही म्हणतात. कान, पाय व शेपटी यांवर लांब केस असतील तर त्याला पश्मी म्हणतात. २००५ साली टपाल खात्याने या कुत्र्याचे तिकीट काढले आणि २०१६ साली लष्कराने मेरठच्या केंद्रात त्याला शिकवायला घेतले. उंचीने हा अल्सेशियनच्या बरोबरीचा, किंबहुना काकणभर सरसच. पण अंगात चरबी नाही. वजन साधारण २० ते २८ किलो.

दोघांचे कामही निराळे आहे. अल्सेशियन माणसाचा शब्द ऐकतो, शिकवलेले लक्षात ठेवतो, फाटकाशी उभा राहून राखण करतो. कारवान नजरेने हेरतो आणि सुसाट पळतो. घरच्यांशी तो इमानी, पण परक्याने अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही. आज्ञा पाळण्यात मात्र तो स्वतःच्या मर्जीचा मालक आहे. ससा दिसला की हाका मारून परत येईल अशी खात्री देता येत नाही. इथे एक सूचना : १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ससा, हरण यांची शिकार गुन्हा आहे. शिकारीच्या हौसेने कोणी कारवान आणणार असेल तर तो विचार डोक्यातून काढून टाकावा.

खर्च : टनात मोजून पाहू

पिल्लाची किंमत लोक घासाघीस करून ठरवतात. पण ती एकदाच द्यायची असते. खरा खर्च पुढची दहा वर्षे रोज ताटात पडतो. पशुवैद्यांच्या हिशेबाने ३५ किलोच्या मोठ्या कुत्र्याला दिवसाला सुमारे १६०० उष्मांक लागतात, २५ किलोच्याला सुमारे १२५०. वस्तीवरच्या खाण्यात हे असे बसते :

अल्सेशियन, रोज : ज्वारी किंवा बाजरीचे पीठ २५० ग्रॅम, अंडी ३, मांस १५० ग्रॅम, डाळ ५० ग्रॅम, दूध पाव लिटर.

कारवान, रोज : पीठ २०० ग्रॅम, अंडी २, मांस १०० ग्रॅम, डाळ ५० ग्रॅम, दूध पाव लिटर.

आता समजा, पीठ ४० रुपये किलो, अंडे ७ रुपये, मांस २०० रुपये किलो, डाळ १२० रुपये किलो आणि दूध ५० रुपये लिटर. हे दर केवळ हिशेबासाठी धरले आहेत, ज्याने त्याने आपल्या बाजाराचे घालावेत. या दराने ३० दिवसांच्या महिन्याला अल्सेशियनचे २३८५ रुपये होतात आणि कारवानचे १८१५. वर्षाला २८,६२० आणि २१,७८०.

आपल्याला रुपयांपेक्षा टन लवकर कळतात. टनाला ३००० रुपये हाती पडतात असे धरले, तर अल्सेशियन वर्षाला साडेनऊ टन ऊस खातो आणि कारवान सव्वासात टन. दहा वर्षांत अल्सेशियनचे ९५ टन होतात. एकरी ४० टनांचा उतारा धरला तर हा दोन एकरांहून जास्त उसाचा पैसा झाला. यात डॉक्टर नाही, औषध नाही, पिल्लाची किंमत नाही.

"आमच्या कुत्र्याला शिळी भाकरी आणि ताक पुरतं," असे कोणी म्हणेल. जगायला पुरते, अंग धरायला पुरत नाही. नुसत्या भाकरीवरच्या कुत्र्याचे केस झडतात, कातडी खराब होते आणि पिल्लांची हाडे नीट भरत नाहीत. कांदा व लसूण कुत्र्याच्या रक्ताला अपायकारक आहेत, म्हणून कालवणातले उरलेले घालू नये. शिजवलेल्या कोंबडीची हाडे चिरफळून घशात किंवा आतड्यात रुततात.

खाण्यानंतर लस आणि औषध. लसीचा खर्च दोघांचा सारखाच. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे झाले की डिस्टेंपर, पार्व्हो वगैरे रोगांची एकत्रित लस सुरू करावी आणि सोळा आठवड्यांचे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा डोस द्यावा. तीन महिने पुरे झाले की रेबीजची लस. त्यानंतर दोन्ही वर्षाकाठी, डॉक्टर सांगतील तशा. जंताचे व गोचिडांचे औषध मात्र वजनावर असते. जंताची गोळी सर्वसाधारणपणे दहा किलोंना एक अशी बसते. म्हणजे वर्षातून चार वेळा द्यायची तर अल्सेशियनला चौदा गोळ्या आणि कारवानला दहा. मेंढी-बकऱ्याची कच्ची आतडी व काळजी कुत्र्याला कधीही घालू नये. त्यातून होणाऱ्या जंताची अंडी कुत्र्याच्या विष्ठेवाटे पोराबाळांच्या पोटात जातात आणि माणसाच्या यकृतात पाण्याच्या गाठी होतात.

अल्सेशियनची दुखणी

या जातीचे सर्वांत मोठे दुखणे खुब्याच्या सांध्याचे. मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या खोबणीत घट्ट बसायला हवा. तो सैल बसला की हालचालीगणिक घासतो, सांधा झिजतो आणि पुढे संधिवात जडतो. हा दोष आईबापांकडून येतो. पण पिल्लाला खाणे कसे मिळाले यावर तो किती वाढणार हे बरेचसे ठरते. इथेच आमच्या त्या सभासदाची फसगत झाली. मोठ्या जातीच्या पिल्लाला भराभर वाढवणे म्हणजे उसाला युरिया ओतण्यासारखे आहे. ऊस हिरवागार दिसतो, पण पुढे लोळतो. पिल्लाचे वजन झपाट्याने वाढते, कोवळ्या सांध्याला ते झेपत नाही. आणि समतोल खाण्यावर आणखी कॅल्शियम दिले तर हाडांची वाढ बिघडते. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ती बाटली आणू नये. वाढत्या पिल्लाच्या बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. गुटगुटीत पिल्लू म्हणजे सशक्त पिल्लू नव्हे.

दुसरे दुखणे उतारवयातले. आठ-नऊ वर्षांनंतर काही अल्सेशियनांच्या मागच्या पायांतली ताकद हळूहळू जाते. पाय जमिनीला घासतात, पण दुखत नाही. हा मज्जारज्जूचा अनुवंशिक रोग आहे आणि त्याला बरे करणारे औषध नाही. तिसरे दुखणे पचनाचे. भरपूर खाऊनही कुत्रा वाळत जातो, शेण पडावे तशी ढीगभर, फिकट विष्ठा होते. पचनाचे रस तयार करणारे स्वादुपिंड निकामी झाल्याने हे होते. मग जन्मभर प्रत्येक जेवणात औषधी भुकटी मिसळावी लागते. खर्चाच्या दृष्टीने हे दुखणे फार जड जाते.

आणि आपला उन्हाळा. मार्च ते मे दुपारी अल्सेशियनला पत्र्याखाली बांधणे म्हणजे भट्टीजवळ बांधणे. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच तो अंग थंड करतो. त्याच्या अंगाचा ताप एरवी १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतो. तो १०५ च्या वर गेला की जीव धोक्यात येतो. धापा थांबेनात, लाळ गळू लागली, झोकांड्या जाऊ लागल्या, तर लगेच सावलीत न्यावे, अंगभर पाणी ओतावे, वारा घालावा आणि डॉक्टर गाठावा.

कारवानची दुखणी

कारवान आपल्या हवेत पिढ्यान्‌पिढ्या वाढला आहे. ऊन त्याला अल्सेशियनपेक्षा पुष्कळ सोसते, अंग हलके असल्याने सांध्यांवर भार कमी पडतो. पण म्हणून तो बिनखर्ची आहे असे कोणी समजू नये.

त्याला पळायला मोकळी जागा लागते आणि पळतानाच तो जखमी होतो. कातडी पातळ, म्हणून काटेरी तारेत शिरला की कागदासारखी फाटते. हंगामात रस्त्याने उसाच्या ट्रॉल्या चालू असतात. सशामागे लागलेला कारवान ट्रॅक्टर बघत नाही. त्याची लांब, बारीक हाडे अशा धडकेत मोडतात. मोकळा सोडायचा तर कुंपण धड हवे, आणि कुंपणाचा खर्च पिल्लाच्या किमतीत कोणी धरत नाही.

थंडीत त्याला ऊब लागते. अंगावर चरबी नाही, केस आखूड. डिसेंबरात पाण्याच्या पाळीने शिवार गारठते तेव्हा कोरडे पोते, जुनी वाकळ अंथरावी. नुसत्या फरशीवर झोपून कोपरांना घट्टे पडतात आणि चिघळतात.

भूल देण्याच्या वेळी विशेष काळजी घ्यावी. अशा सडपातळ, पळणाऱ्या जातींच्या अंगातून भुलीची काही औषधे उतरायला फार वेळ लागतो. शस्त्रक्रियेच्या आधी "हा कारवान आहे" हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

आणखी एक गोष्ट फसवणुकीची. नाव झाले की नकली माल येतो. ग्रेहाउंडशी संकर केलेली पिल्ले कारवान म्हणून विकली जातात, नाही तर एकाच घरात भाऊबहिणींचा जोड लावलेला असतो. पिल्लाच्या आईबापांना डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

दोघांनाही सारखेच धोके

पोटाला पीळ पडणे : दोन्ही जातींची छाती खोल असते. एकदम पोटभर खाऊन लगेच पळापळ केली तर अशा कुत्र्याचे पोट वायूने फुगते आणि कधी कधी गरकन फिरते. पोट ढोलासारखे ताठ होते, कुत्रा ओकायचा प्रयत्न करतो पण काहीच पडत नाही, बेचैन होऊन येरझाऱ्या घालतो. अशा वेळी ओवा, सोडा, तेल पाजत बसू नये. काही तासांत प्राण जातो, शस्त्रक्रियेशिवाय पीळ सुटत नाही. म्हणून दिवसाचे खाणे दोन वेळांत विभागून द्यावे आणि जेवणानंतर तास-दीड तास पळू देऊ नये.

गोचीड ताप : गोठा आणि कुत्रा जवळजवळ असले की गोचीड आलेच. ताप, खाणे बंद, हिरड्या पांढरट, नाकातून रक्त ही खूण दिसली की रक्त तपासावे. अल्सेशियनमध्ये हा रोग बऱ्याचदा उग्र रूप घेतो. वेळेवर उपचार झाला तर बरा होतो.

उंदराचे औषध : उसातल्या उंदरांसाठी झिंक फॉस्फाईडचे आमिष टाकले असेल तेव्हा कुत्रा बांधून ठेवावा आणि मेलेले उंदीर गोळा करून पुरावेत. जुन्या थिमेटचा डबा कोणाकडे कोपऱ्यात पडला असेल तर सांगतो : २०२० अखेरपासून त्यावर बंदी आहे. तो वापरूही नये आणि पोरांच्या किंवा जनावरांच्या तोंडी लागेल असा ठेवूही नये.

चावा आणि बिबट्या

तोडणीच्या टोळ्या आल्या की वस्तीजवळ खोपी पडतात. त्यांची लहान पोरे पाणी मागायला आपल्या दारात येतात. मागे एका वस्तीवर साखळी तुटून कुत्रा अशाच एका पोराला चावला. घरच्या माणसांनी घाईने जखमेवर हळद-मिरची भरली. सुदैवाने मुकादम शहाणा निघाला, पोराला तसाच दवाखान्यात घेऊन गेला आणि पोरगा वाचला. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, म्हणून इथे चालढकल नको. चावा बसला की साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे जखम धुवावी. हळद, मिरची, चुना काही लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी, ठरलेले सगळे डोस पुरे करावेत. आपल्या कुत्र्याला लस दिलेली असली तरी डॉक्टरांना दाखवावे. कुत्रा आपला असेल तर टोळीच्या पोराला नेण्याआणण्याची जबाबदारीही आपलीच.

दुसरी गोष्ट बिबट्याची. जुन्नर, अकोले, संगमनेर या भागांत बिबटे उसातच राहतात आणि उसातच पिल्ले घालतात, हे आता सर्वांना ठाऊक आहे. अकोले परिसरातल्या बिबट्यांच्या खाण्याचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात बिबट्याच्या भक्ष्यात सर्वांत मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला. तेव्हा दारात साखळीने बांधलेला कुत्रा, मग तो ४० किलोचा अल्सेशियन का असेना, बिबट्याला अडवत नाही. उलट त्याच्या वासाने बिबट्या अंगणापर्यंत येतो, जिथे आपली पोरे खेळतात. बिबट्याचा वावर असलेल्या गावांत रात्री कुत्रा पक्क्या जाळीच्या, वरून झाकलेल्या खोलीत ठेवावा. आतून भुंकून तो आपल्याला जागे करील. वस्तीवरच्या राखणीत एवढेच त्याचे काम आहे, झुंजायचे नाही.

मग आणायचा कोणता?

उसाचे बेणे घेताना आपण नुसते टिपरे बघत नाही. कोणत्या मळ्यातले, कितव्या पिढीचे, रोग होता का, हे विचारतो. पिल्लाला हेच लावावे.

१. अल्सेशियन घ्यायचा तर आईबापांच्या खुब्याचा एक्स-रे मागावा, तोही त्यांच्या वयाची एक-दोन वर्षे पूर्ण झाल्यावर काढलेला. विकणारा टाळाटाळ करत असेल तर तिथूनच परतावे.

२. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू आईपासून तोडून आणू नये.

३. घरात रोज तासभर वेळ देऊन शिकवणारा माणूस असेल, गार सावली असेल आणि वर्षाला नऊ-दहा टन उसाचे पैसे बाजूला काढायची तयारी असेल, तर अल्सेशियन आणावा. त्याच्याइतका समजूतदार राखणदार मिळणे कठीण.

४. वस्ती मोकळी, कुंपण पक्के आणि ऊन कडक असेल, तर कारवान बरा. मात्र शेजाऱ्याच्या कोंबड्या आणि शेळ्या तुमच्या हमीवर राहतील.

५. दिवसभर साखळीला बांधून ठेवायचा असेल तर यांपैकी एकही आणू नये. अल्सेशियन बांधून चिडका होतो आणि कारवान खंगतो. अशा घरी दारात आलेल्या गावठी पिल्लाला रेबीजची लस टोचावी, त्याची नसबंदी करावी आणि दोन वेळ पोटाला घालावे. भुंकण्याचे काम ते चोख करते.

आमच्या त्या सभासदाचा शेरू अजून आहे. डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्याचे वजन उतरवले, फरशीवरून उठवून पोत्यावर झोपवायला सुरुवात केली. तो पळत नाही, पण सकाळी नातवाबरोबर बांधापर्यंत चालत जातो. नातू आता पळण्याचे विचारत नाही, त्याच्या चालीने चालतो. सभासद परवा गट कार्यालयात भेटले तेव्हा म्हणाले, "साहेब, पुढच्या वेळी आधी एक्स-रे, मग पैसे." हे वाक्य सर्व सभासदांनी लक्षात ठेवावे एवढीच आमची विनंती आहे.

पुढील अंकी खोडव्यातील पाचट व्यवस्थापनाविषयी लिहू.

— ऊस विकास अधिकारी